शाळा म्हणते 'दाखला काढून न्या', अर्ज लिहिण्याआधी हे वाचा

दुपारी बाराच्या सुमारास मोबाइल वाजतो. स्क्रीनवर शाळेचं नाव दिसतं आणि आईच्या पोटात गोळा येतो. "आज परत त्याने मुलाला मारलं. एका जागी बसत नाही. उद्या वडिलांना घेऊन या." असे तीन-चार फोन झाले की एक दिवस हळूच सुचवलं जातं, "त्याला आमची शाळा झेपत नाही. दुसरीकडे बघा ना, दाखला लगेच देऊ."

पहिली ते चौथीतल्या मुलांच्या घरात हा प्रसंग काही नवा नाही. डोंगरी, मदनपुरा, भायखळ्यातून गिरगाव, परळ, दादरच्या शाळांत मुलं घालणारी आपली कितीतरी कुटुंबं आहेत. प्रवेशासाठी हातापाया पडलेले असतात, फी भरलेली असते. त्यामुळे शाळेसमोर आवाज निघत नाही. घरी आल्यावर मुलाला दोन फटके बसतात, आईला चार शब्द ऐकावे लागतात आणि महिनाभरात दाखल्याचा अर्ज लिहून होतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या फोनपासून त्या अर्जापर्यंत करण्यासारखं बरंच काही असतं आणि ते बहुतेक घरांत राहून जातं.

सुरुवात एका साध्या वहीपासून करा. मूल कधी बिघडतं, ते लिहून ठेवा. सकाळी की सुट्टीनंतर? गणिताच्या तासाला की खेळाच्या? एकाच मुलाशी भांडण होतं की सगळ्यांशी? घरी, मकतबमध्ये, नानीकडेही तसंच वागतो की फक्त शाळेत? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. सगळीकडे तसंच असेल तर डॉक्टरांकडे जाण्याची घाई करायला हवी. फक्त शाळेतच असेल तर आधी शाळेत काय चाललंय ते बघायला हवं.

आपल्या घरांत भाषेचा मामलाही असतो. घरात कोकणी किंवा दखनी, मकतबमध्ये अरबी-उर्दू, इमारतीखाली बंबईया हिंदी आणि शाळेत एकदम इंग्रजी. पाच-सहा वर्षांचं मूल अशा वर्गात काही महिने गप्प राहू शकतं. ते गप्प राहणं म्हणजे आजार नव्हे. पण ज्याला बोलून सांगता येत नाही तो हाताने सांगतो, ढकलतो, ओरबाडतो. घरच्या भाषेत मूल भरभर बोलतं, गोष्ट सांगतं, सांगितलेलं काम करतं, तर बाईंना हे आवर्जून सांगा. आणि घरच्या भाषेतही बोलणं वयाच्या मानाने मागे असेल, तर 'वडीलही उशिराच बोलले होते' म्हणून थांबू नका. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजीसह आठ भाषांत शाळा चालवते. माध्यम बदलल्यावर मूल फुललं, असंही होतं. त्यात कमीपणा कसला?

बाकी कशाहीआधी कान आणि डोळे तपासून घ्या. सर्दीने कानात पाणी साचलेलं मूल हाक ऐकत नाही आणि शिक्का बसतो 'ऐकत नाही' असा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारं मूल 'चुळबुळ्या' ठरतं. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत दोन्ही तपासण्या होतात. श्रवणासाठी वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची संस्था 1983 पासून आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलेलं आहे.

आता जरा अवघड गोष्ट. मारणाऱ्या मुलाला आधी कोणी काही बोललं होतं का, हे शाळा क्वचित विचारते. नावावरून, डब्यावरून, 'पाकिस्तानात जा' म्हणून चिडवणं प्राथमिक वर्गातही पोहोचलंय. नाझिया एरम यांनी 2018च्या 'मदरिंग अ मुस्लिम' या पुस्तकात वेगवेगळ्या शहरांतल्या मुस्लिम आयांशी बोलून हेच मांडलं. मूल घरी सांगत नाही, कारण अम्मी रडेल हे त्याला कळतं. 'तुला कोणी चिडवतं का?' असं थेट विचारलं की 'नाही' येतं. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत कोणाशेजारी बसतोस, डबा कोणाबरोबर खातोस, तुझ्या टीममध्ये कोण घेतं, असं विचारावं. मात्र दुसरी बाजूही सांगतो. प्रत्येक तक्रारीमागे भेदभावच असतो असं धरून शाळेत गेलात तर खरी अडचण हातातून निसटते. म्हणूनच वही. तारीख, शब्द, कोण हजर होतं, हे लिहिलेलं असलं की भांडण न होता बोलणं होतं.

वहीतून असं दिसलं की त्रास सगळीकडे आहे आणि कित्येक महिन्यांपासून आहे, तर तज्ज्ञाकडे जा. या बाबतीत आपला भाग नशीबवान आहे. परळला केईएम आणि मुलांचं वाडिया रुग्णालय, मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला जेजे, पुढे सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, सगळं बसच्या अंतरावर. केसपेपर काढून आधी बालरोग विभागात दाखवायचं. तिथून गरजेप्रमाणे बालमानसोपचार, वाचा-भाषा तपासणी किंवा अध्ययन अक्षमतेच्या क्लिनिककडे पाठवतात. एका फेरीत काम होत नाही. रोजावर काम करणाऱ्या बापाला चार खाडे परवडत नाहीत, हे आम्हालाही कळतं. पण खासगीत याच तपासण्यांना हजारो रुपये लागतात. चिंचपोकळी स्टेशनजवळ 'उम्मीद' ही बालविकास संस्थाही आहे. डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ती 2001मध्ये सुरू केली.

तिथे गेल्यावर काय निघू शकतं? कधी काहीच नाही. कधी स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. कधी अतिचंचलता, ज्याला सगळे एडीएचडी म्हणतात. कधी वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता. हुशार मुलालाही ती असू शकते. वाचता येत नाही हे लपवण्यासाठी मूल वर्गात विदूषक होतं किंवा भांडखोर. तिचं पक्कं निदान साधारण आठ वर्षांनंतर, म्हणजे तिसरीच्या आसपास होतं. पहिलीतल्या मुलाला कोणी घाईने ते लेबल लावत असेल तर दुसरं मत घ्या. स्वमग्न मुलांपैकी काहींना आवाज सहन होत नाहीत. लालबाग-गिरगावात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ढोल-ताशे दिवसभर घुमतात, त्या दिवसांत असं मूल शाळेत जास्त बिथरलं तर आश्चर्य नाही. त्या काळापुरती खिडकीपासून लांबची जागा मागता येते.

घरातला दिनक्रमही एकदा नीट बघू या. सकाळी शाळा, दुपारी ट्युशन, असरनंतर मकतब, रात्री अकरापर्यंत एका खोलीत टीव्ही आणि पाहुणे. रमजानमध्ये तर सेहरीपर्यंत लहान मुलंही जागी. अशा मुलाने सकाळी साडेसातला शांत बसावं ही अपेक्षा जास्तच आहे. मकतबच्या उस्तादांशी बोलून वेळ कमी करून घेतली, तर कोणी नाराज होत नाही. आम्ही तर म्हणू, उस्तादांना मुलाची अडचण आधीच सांगा. मूल एका छडीने बिघडतं ते सहा महिने सावरत नाही.

'नजर लागली', 'असर आहे' म्हणून आमिलकडे फेऱ्या मारण्यात कितीतरी घरांची दोन-दोन वर्षं जातात. दुआ जरूर करा, दवा थांबवू नका. आणि 'उद्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील' या भीतीने तपासणी टाळू नका. रुग्णालयाचा कागद घरातच राहतो. तो कोणाला दाखवायचा हे तुमच्या हातात आहे.

आता त्या दाखल्याकडे वळू. शिक्षण हक्क कायदा 2009चा, तो 1 एप्रिल 2010पासून लागू आहे. त्याच्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला नापास करण्याची मुभा आली, काढून टाकण्याची नाही. कलम 17 मारहाण आणि मानसिक छळाला मनाई करतं. म्हणून तर शाळा काढत नाही, 'तुम्हीच न्या' म्हणते. पालकांनी सहीनिशी अर्ज दिला की कागदावर मूल तुमच्या मर्जीने गेलेलं असतं. मग तक्रार कशाची करणार?

इथे आपल्यासाठी एक मोठी मेख आहे. 2014च्या 'प्रमती' निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही असं ठरवलं. म्हणजे आपल्याच अंजुमन-ट्रस्टच्या शाळेत किंवा मिशनरी शाळेत मूल असेल तर कलम 16 दाखवून उपयोग नाही. 1 सप्टेंबर 2025 रोजी महाराष्ट्रातल्या अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात न्यायालयाच्या दोन सदस्यांच्या पीठाने त्या निकालावर शंका घेऊन प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला. आपला समाज अल्पसंख्याक संस्थांच्या हक्कासाठी बोलतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच संस्थेतल्या मुलाचा हक्क कोण बोलणार, हे ट्रस्टींनीही कधीतरी सांगावं.

तरी अशा शाळेतही हात अगदी रिकामे नसतात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता घ्यावं यासाठी तो कायदा सरकारवर जबाबदारी टाकतो. नुसती अतिचंचलता त्या यादीत वेगळी नाही, हे लक्षात ठेवा. मुलाशी क्रूर वागणुकीबद्दल बाल न्याय कायद्याचं कलम 75 आहे, त्यात शाळेचं माध्यम किंवा मॅनेजमेंट बघितलं जात नाही.

शाळेत जाताना आई-वडील दोघं जा, वही न्या. "आमचा मुलगा तसा नाही" ने सुरुवात करू नका. "मॅडम, आम्हालाही घरी हे दिसतं, तपासणी सुरू केली आहे, तोवर तीन महिने द्या" असं म्हणा. मागण्या छोट्या ठेवा. पुढच्या बाकावर जागा, शांत मुलाशेजारी बसवणं, वह्या वाटण्याचं काम देऊन मधेच उठू देणं, रोज फोनऐवजी आठवड्याला डायरीत दोन ओळी. बोलणं झालं की तेच अर्जात लिहून द्या आणि पोच घ्या. दाखल्याचा आग्रह झाला तर तोही शाळेने लेखी द्यावा म्हणा. बहुतेक वेळा तो कागद येतच नाही. खासगी प्राथमिक शाळांवरही महापालिकेच्या शिक्षण विभागाची देखरेख असते, तिथे आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार देता येते. मूल धोक्यात असेल तर 1098 हा फुकट नंबर आहे. रात्री आईचाच जीव घाबरा झाला तर टेलिमानसचा 14416.

काही वेळा शाळा बदलणंच बरं असतं. मग आधी नवी शाळा बघा, तिथल्या बाईंना मुलाबद्दल खरं सांगा, प्रवेश पक्का करा आणि त्यानंतरच जुन्या शाळेत दाखल्याचा अर्ज द्या.