तोंडाचं छत, नाकाची जमीन

जिभेचं टोक टाळूच्या मधोमध पुढून मागे फिरवलं, की एक बारीक उभी रेघ लागते. तिच्या वर हाडांचा सांधा आहे. वरचा जबडा हे एकसंध हाड नाही; उजवं आणि डावं अशी दोन हाडं या रेषेवर एकमेकांना भिडलेली असतात. वाढत्या वयात त्या सांध्यात नवं हाड तयार होत राहतं, आणि जबडा रुंदावत जातो. या हाडाची खालची बाजू म्हणजे तोंडाचं छत आणि वरची बाजू म्हणजे नाकाची जमीन. त्यामुळे टाळू अरुंद राहिली तर नुसती दातांची गर्दी होत नाही. वर नाकाची वाट चिंचोळी होते, आणि खाली जिभेला टेकायला जागा उरत नाही.

हा सांधा मुद्दाम उघडता येतो, असं १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य एमर्सन एंजल यांनी छापून सांगितलं. साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत त्यांनी दोन्हीकडच्या उपदाढांना टेकणारा आडवा स्क्रू बसवला. किल्लीनं तो थोडा थोडा फिरवत राहायचं होतं. दोन आठवड्यांत तिच्या समोरच्या दोन दातांमध्ये फट पडली. एंजल म्हणाले, दात नुसते कलले नाहीत, हाडंच दुभंगून बाजूला झाली आहेत. त्यांच्या व्यवसायातल्या जाणत्यांना हे पटेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून पस्तीस वर्षं होती. पुरावा दाखवणार तरी कशाचा? अमेरिकेत ही कल्पना पुढे बराच काळ अडगळीत पडली. पुढे दंतवैद्य अँड्र्यू हास यांनी ती आधी डुकरांवर, मग मुलांवर पुन्हा तपासली आणि १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच दातांच्या कमानीबरोबर नाकाच्या पोकळीचाही उल्लेख होता.

आजचं उपकरण एंजल यांच्या कल्पनेपासून फार लांब गेलेलं नाही. दाढांना बसवलेली कडी आणि मध्ये स्क्रू. आई किंवा वडील रोज एकदा-दोनदा किल्ली घालून पाव फेरा देतात. त्यानं स्क्रू जेमतेम पाव मिलिमीटर उघडतो. मुलाला नाकाच्या मुळाशी थोडा वेळ दाब जाणवतो. काही दिवसांनी समोरच्या दातांत फट दिसू लागते आणि घरचे घाबरतात. मला तर या उपचारातली सगळ्यात विलक्षण गोष्ट ही फटच वाटते. सांधा खरोखर उघडल्याची ती खूण असते, आणि पुढे हिरड्यांतले तंतू दोन्ही दातांना ओढून ती आपोआप बुजवतात. स्क्रू फिरवणं दोन-तीन आठवड्यांत संपतं, पण उपकरण काही महिने तोंडातच ठेवावं लागतं. उघडलेल्या जागेत नवं हाड भरून कडक व्हायला तेवढा वेळ लागतो.

इतक्या थोड्या रुंदीनं श्वासात काय फरक पडणार? सरळ, गुळगुळीत नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाचा नियम असा, की त्रिज्या दहा टक्के वाढली तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सुमारे सेहेचाळीस टक्के वाढतो. नाक अर्थातच सरळ नळी नव्हे. शिवाय सांधा पाचरीसारखा उघडतो, दातांपाशी जास्त आणि वर नाकाकडे कमी. म्हणून प्रत्यक्ष फायदा या गणितापेक्षा कमी आणि प्रत्येक मुलात वेगळा असतो. पण दिशा तीच.

अरुंद जबड्याचा झोपेशी असलेला संबंध उघड करण्यात झोपेच्या विकारांचे अभ्यासक ख्रिस्तियान गिलमिनो यांचा मोठा वाटा आहे. झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराला ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ हे नाव त्यांनी आणि स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात दिलं. २००४ साली पाओला पिरेली यांच्यासोबत त्यांनी ३१ मुलांचा अभ्यास मांडला. या मुलांचे जबडे अरुंद होते, टॉन्सिल-ॲडिनॉइड (घशातल्या आणि नाकामागच्या गाठी) मात्र वाढलेले नव्हते. झोपेत तासाला सरासरी १२ वेळा त्यांचा श्वास अडत होता. जबडा रुंदावल्यानंतर चार महिन्यांनी हे प्रमाण एकाच्याही खाली आलं. आकडे थक्क करणारे आहेत, पण तुलनेसाठी उपचार न केलेला गट तिथे नव्हता. असा गट का हवा, हे ॲप्निया असलेल्या मुलांच्या २०१३च्या एका अमेरिकी चाचणीवरून कळतं. टॉन्सिल-ॲडिनॉइडची शस्त्रक्रिया झालेल्या ७९ टक्के मुलांची झोप-तपासणी सात महिन्यांनी सामान्य आली. नुसतं लक्ष ठेवलेल्या मुलांतही हे प्रमाण ४६ टक्के निघालं. म्हणून घोरणाऱ्या सरसकट सगळ्या मुलांच्या टाळूत स्क्रू बसवणं मला मान्य नाही. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बघावं, गरज असेल तर रात्रभराची झोप-तपासणी व्हावी, आणि जबडा खरंच अरुंद असेल तरच हा उपचार करावा.

अरुंद जबड्यामुळे नाक कोंडतं, तसंच कोंडलेल्या नाकामुळे जबडाही बिघडतो. संशोधक एगिल हार्वोल्ड यांनी वाढत्या रीसस माकडांच्या नाकपुड्या सिलिकॉनच्या बुचांनी बंद केल्या होत्या. माकडं तोंडानं श्वास घेऊ लागली आणि हळूहळू त्यांच्या जबड्यांची ठेवण बदलली, दात वेडेवाकडे आले. मूल वर्षानुवर्षं तोंड उघडं ठेवून झोपतं तेव्हा जीभ टाळूला टेकत नाही, आणि वरच्या कमानीला आतून मिळणारा आधार जातो. आपल्या घरांत मात्र ‘घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय’ असं कौतुकानं म्हटलं जातं. तेच मूल सकाळी चिडचिडं उठतं, वर्गात त्याचं लक्ष लागत नाही, कधी मोठं झाल्यावरही अंथरूण ओलं करतं. या सगळ्याला आपण स्वभाव किंवा आळस म्हणून मोकळे होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वय वाढतं तशी सांध्याच्या दोन्ही कडांची गुंतागुंत वाढते. डेन्मार्कच्या बिर्ते मेल्सन यांनी १९७५ साली मृतदेहांतल्या टाळूंचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे टप्पे दाखवले. लहानपणी रुंद असलेला सांधा पुढे नागमोडी होतो आणि किशोरवयात दोन्ही कडा एकमेकींत घट्ट अडकतात. मोठेपणी दातांवर जोर लावला, तर बहुधा हाडाऐवजी दातच बाहेर कलतात. म्हणून प्रौढांसाठी टाळूच्या हाडातच बारीक स्क्रू रोवतात, किंवा शस्त्रक्रियेनं हाड आधी सैल करतात. स्टॅनफर्डमध्ये ॲप्नियाच्या रुग्णांवर असे उपचार झाले आहेत. तरीही बहुतेक प्रौढांसाठी पहिला उपाय हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र हाच आहे.

मुलाला ऑर्थोडोन्टिस्टकडे, म्हणजे दात-जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या दंतवैद्याकडे, पहिल्यांदा सातव्या वर्षापर्यंत दाखवावं, अशी अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे ‘दुधाचे सगळे दात पडू देत, मग बघू’ असं म्हणत बारावं-तेरावं वर्ष उजाडतं. तेव्हाही बऱ्याच मुलांचा सांधा उघडतो, पण जोर जास्त लागतो, आणि झोप मोडण्यात गेलेली मधली पाच-सहा वर्षं नेमकी शाळेत शिकण्याची असतात.