परसांतील भाजी आणि कुजलेलें खत

यवतमाळ जिल्ह्यांतील कळंब हें गांव श्रीचिंतामणीच्या देवस्थानामुळें सर्वश्रुत आहे. भोवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा व कापसाचा. २०१७ सालीं याच जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं. तेव्हां आपल्या ताटांतील भाजी कशावर पोसली, हा प्रश्न कोणत्याहि घराला टाळतां येत नाहीं.

काळी माती पावसाळ्यांत पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यांत भेगाळते. दोहोंवर इलाज एकच, तो म्हणजे कुजलेलें खत. अल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें खताची जी रीत बसविली, ती परसांतहि चालते. वाळलेला पाला, भाजीचीं देठें-सालें, शेण व थोडी माती यांचे थर रचावे. ढीग ओलसर असावा, चिंब नसावा. आणि तो दोन-तीन वेळां खालवर करावा. हवा खेळती राहिली म्हणजे जंतु काम करितात व ढीग तापतो. ती कोंडली कीं दुर्गंधि सुटते. सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. अर्धकच्चें घातल्यास तें मातींतील नत्र ओढून घेतें व रोपें पिवळीं पडतात.

वांगीं, मेथी, सांबार यांचे वाफे उंच घालावे. मावा दिसतांच ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावी व तें पाणी गाळून संध्याकाळीं शिंपडावें. उन्हानें त्याचा गुण उतरतो. जून-जुलैंत कडुनिंबाखालीं पडणाऱ्या निंबोळ्या वेंचून वाळविणें, एवढीच पूर्वतयारी. एका परसानें कापसाचें शेत सुधारत नाहीं. परंतु विषावांचून पीक येतें, हें घरांतील मुलांना प्रत्यक्ष दिसतें.