विरळ हवेचे दुखणे (लेखांक ७) : दम्याचा पंप लेहला कामाचा का?

उंचीचा त्रास टाळायला ओढायचे औषध घ्यावे, ही कल्पना वरवर अगदी सरळ वाटते. धाप छातीत लागते, तेव्हा औषधही थेट छातीतच गेलेले बरे. गोळी पोटातून रक्तात जाणार, मग सगळ्या अंगभर फिरणार. पंपाचा झुरका मात्र एका दमात फुप्फुसात. एका वाचकाचा प्रश्न याच तर्कातून आला आहे : मुलाचा दम्याचा पंप घरात आहेच, लेहला जाण्याआधी सगळ्यांनीच तो ओढला तर उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी टळेल का?

दम्यात श्वासनलिका आवळतात आणि पंप त्या सैल करतो. लेहला उतरलेल्या निरोगी माणसाच्या नलिका मात्र मोकळ्याच असतात. हवेत ऑक्सिजनही तेवढाच, २१ टक्के. पण ३,५०० मीटरवर हवेचा एकूण दाबच समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो. दार सताड उघडे आहे, आत यायला माल कमी आहे. शिवाय पहिल्या रात्रीची डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसे होणे या तक्रारी मुळात मेंदूकडच्या. डायमॉक्स (नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा) मूत्रपिंडावाटे रक्त किंचित आम्ल करते, त्यामुळे श्वास आपोआप खोल होतो. नलिका सैल करून हे काम होत नाही.

तरीही पंपाची बाजू अगदीच लंगडी नाही. उंचीच्या त्रासात फुप्फुसात पाणी होण्याचाही एक प्रकार आहे. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, पण सगळीकडे सारख्या नाहीत. जिथे कमी आवळतात तिथे रक्ताचा लोंढा जातो, केशवाहिन्यांवर ताण येतो आणि पाणी वायुकोशांत झिरपते. हे पाणी उपसायची सोय वायुकोशांच्या अस्तरातच असते : पेशी सोडियम आत ओढतात, त्यामागून पाणी जाते. दम्याच्या पंपातले साल्मेटेरॉल हा उपसा वाढवते.

याची कसोटी लागली ती इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या मॉन्टे रोझावर. तिथे ४,५५९ मीटरवर, शिखराच्या अगदी माथ्यावर, मार्गेरिता हे विश्रामगृह १८९३पासून आहे. ज्या राणीच्या नावाचे ते आहे, ती स्वतः तिथवर चढून गेली होती. विरळ हवेच्या संशोधकांना ही जागा पंढरीसारखी. पूर्वी फुप्फुसात पाणी झालेल्या ३७ जणांना तिथे भराभर चढवले गेले. काहींना साल्मेटेरॉल, काहींना नुसता पोकळ फवारा. २००२ साली निकाल छापून आला : पोकळ फवाऱ्यावरच्यांपैकी ७४ टक्क्यांच्या फुप्फुसात पाणी झाले, औषधवाल्यांत ३३ टक्क्यांच्या. फरक डोळ्यांत भरण्यासारखा. मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. मात्रा दर बारा तासांनी १२५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दमेकऱ्याच्या ५०च्या अडीचपट. इतक्याने हात थरथरणे, छातीत धडधडणे आलेच. आणि ही माणसे मुळातच धोक्यातली, पहिल्यांदा लेहला निघालेले कुटुंब नव्हे. अशा धोक्यातल्यांसाठीही आज पहिली पसंती निफेडिपिनच्या गोळीला आहे.

दुसरा उमेदवार बुडेसोनाइड. डेक्सामेथॅसोन हे स्टेरॉइड पोटातून घेतल्यास उंचीचा त्रास टळतो, हे पक्के ठाऊक होते. मग ओढायचे स्टेरॉइड का नको? २०१४मध्ये चीनमधून उत्तेजक निकाल आला : गाडीने ३,९०० मीटरवर नेलेल्या तरुणांना बुडेसोनाइडने डेक्सामेथॅसोनइतकाच फायदा झाला. बातमी पसरली, गिर्यारोहकांच्या पिशव्यांत पंप दिसू लागले. मग पुन्हा मार्गेरिता. २०१७च्या त्या अभ्यासात ५० जणांवर २०० आणि ८०० मायक्रोग्रॅम अशा दोन्ही मात्रा वापरून पाहिल्या. पोकळ फवाऱ्याहून काडीचाही फरक नाही. पाठोपाठ कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटनवर डायमॉक्सशी थेट सामना लावला, त्यातही डायमॉक्स उपयोगी पडले, बुडेसोनाइड नाही. यात नवल वाटू नये. बुडेसोनाइडचा मोठा गुण हाच की ते फुप्फुसात राहते, रक्तात फारसे उतरत नाही. दमेकऱ्याला ज्या गुणासाठी ते देतात, तोच इथे आडवा येतो. मेंदूपर्यंत पोचायला रक्तात उतरावेच लागते.

ओढण्याच्या औषधांत आपल्याकडचा कापूर आलाच पाहिजे. अमरनाथ, केदारनाथ, लेह, कुठल्याही सहलीच्या बसमध्ये रुमालाच्या टोकाला गाठ मारलेली कापराची पुरचुंडी हातोहात फिरते. हुंगताच नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, आणि ‘झाल्यासारखे’ हाच त्यातला महत्त्वाचा शब्द. कापूर नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतो; हवा जाण्याची वाट आहे तेवढीच राहते, रक्तातला ऑक्सिजनही. बरे वाटते म्हणून पुढे चढत राहणे, हा खरा धोका. वड्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत; कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. ऑक्सिजनच्या डब्यांचा हिशोब आणखी सोपा : दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत रिकामा.

राहिला तो मुलगा, ज्याचा पंप आहे. त्याने तो अजिबात बंद करू नये; दमा आटोक्यात असेल तर रोजची मात्रा लेहलाही तशीच चालू ठेवावी आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. कोरड्या, गार हवेने नलिका आवळू शकतात, म्हणून झटका आल्यावर वापरायचा पंपही जवळ हवा, तोही सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नव्हे. थंडीने डबीतला वायूचा दाब उतरतो आणि फवारा अर्धवट सुटतो. पंप जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. रात्री झोपण्याच्या पिशवीत.