अंमली पदार्थ आणि विद्यार्थी : वेळीच मदतीचे महत्त्व

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावांतून अनेक युवक-युवती उच्च शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगर येथे जातात. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठामुळे ग्रामीण भागातील मुलांना पदवीची वाट मोकळी झाली. परंतु घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नवख्या विद्यार्थ्यापुढे काही मोहही उभे राहतात. शहरात ‘बटन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुंगीच्या गोळ्या हा त्यांपैकीच एक होय.

औषध, म्हणून निर्धोक?

या गोळ्या औषधाच्या कारखान्यात तयार होतात, त्यामुळे त्या निर्धोक असाव्यात, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. गुंगीच्या गोळ्या, मद्य आणि खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन हे अफूजन्य द्रव्य, ही तिन्ही मेंदूतील श्वसनकेंद्राचे कार्य मंदावतात. ती एकत्र घेतल्यास श्वास थांबून मृत्यू ओढवू शकतो. सर्वांत सुरक्षित मार्ग अर्थातच त्यांपासून दूर राहण्याचा आहे.

प्रसंग ओढवल्यास

‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ हा सल्ला घातक ठरू शकतो. हाका मारूनही मित्र जागा होत नसेल, श्वास मंद वा घरघरता असेल, ओठ व नखे निळसर पडली असतील, तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवावे. पाणी, ताक, लिंबाचा रस यांपैकी काहीही पाजू नये. उलटी करवू नये. त्याला एकटे सोडू नये. गोळ्यांचे वेष्टन सोबत न्यावे व डॉक्टरांना सर्व खरे सांगावे.

कायद्याची भीती

पोलिसांच्या व पालकांच्या भीतीने मदत मागण्यास विलंब होतो. तथापि, गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ मध्येच उपचाराला वाव ठेवलेला आहे. सेवन किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ अन्वये तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार पूर्ण करणे आवश्यक असते.

व्यसनातून परतण्याची वाट

गर्दच्या व्यसनाने तरुणांना ग्रासले असता, १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण केंद्र सुरू केले. व्यसन हा आजार असून तो उपचारांनी आटोक्यात येतो, ही दृष्टी तेथील कार्यामागे आहे. मात्र रोज घेतल्या जाणाऱ्या गुंगीच्या गोळ्या एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात. म्हणून त्या वैद्यकीय देखरेखीखालीच कमी कराव्यात. मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्यवाहिनी उपलब्ध आहे.

मित्राची चूक झाकणे म्हणजे मैत्री नव्हे. त्याचा श्वास चालू आहे तोवर मदत बोलावणे, हेच मित्राचे पहिले कर्तव्य होय. गावाकडील आईवडिलांना मुलाच्या पदवीपेक्षा त्याचे प्राण अधिक मोलाचे असतात.