दोन कान, दोन यंत्रं आणि मधला मेंदू

डोळे मिटा आणि कुणाला तरी खोलीत कुठेही उभं राहून चुटकी वाजवायला सांगा. तुमचं बोट बरोबर त्या दिशेला वळेल. चुटकी उजवीकडे वाजली, तर आवाज डाव्या कानाशी किंचित उशिरा पोचतो. हा उशीर जास्तीत जास्त किती? सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांशाइतका. आवाज समोरून येत असेल तर मेंदू त्याहून बारीक हिशेब करतो. सेकंदाचे एक लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाचा फरकही तो हेरतो!

दुसरी खूण जोराची. मध्ये डोकं आडवं येतं, पलीकडच्या कानावर त्याची सावली पडते आणि तीक्ष्ण आवाज तिथे २० डेसिबलपर्यंत मंदावतात. आपले ‘स’ आणि ‘श’ याच जातीचे. खर्जासाठी वेळेचा फरक, तीक्ष्ण आवाजासाठी जोराचा फरक, ही वाटणी इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी १९०७ सालीच मांडली होती.

आता कॉक्लिअर इम्प्लांट. निकामी झालेल्या केसपेशींना वगळून ते श्रवणाच्या नसेला थेट विजेचे ठोके देतं. निरोगी कानात आवाज टिपून मेंदूकडे धाडणाऱ्या केसपेशी सुमारे ३,५००. इम्प्लांटच्या तारेवर इलेक्ट्रोड १२ ते २२. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर कितीतरी माणसं फोनवर गप्पा मारतात, हे मला आजही थक्क करतं. ही तार आतल्या कानाच्या वेटोळ्यात सरकवायची कशी, हे मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांना उमगलं ते समुद्रकिनारी, शंखात गवताचं पातं सारून पाहताना. टोक लवचीक, बूड ताठ! १९७८ मध्ये त्यांनी पहिली शस्त्रक्रिया केली.

दोन्ही कानांनी ऐकू यावं म्हणून दोन्हीकडे इम्प्लांट बसवण्याची सुरुवात १९९६ मध्ये जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग इथे झाली. मग दोन इम्प्लांट बसले की निसर्गाची जोडी परत मिळाली? नाही. सावलीचा त्रास मात्र नक्की टळतो: बोलणारा कुठल्याही बाजूला बसो, एक कान त्याच्याकडे असतोच. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हेही पुष्कळदा कळतं.

अडतं ते वेळेपाशी. इम्प्लांटला आवाज पुरवणारे बहुतेक प्रोसेसर आवाजाच्या लहरीतले बारीक चढउतार गाळतात आणि ठरावीक गतीने ठोके देतात. त्यातून डाव्याचं घड्याळ डाव्यापाशी, उजव्याचं उजव्यापाशी. एक लाखाव्या भागाचा हिशेब तिथेच पुसला जातो. उरतो जोर, पण मोठा आवाज आला की जवळच्या बाजूचा प्रोसेसर तो आपोआप दाबतो आणि दोन कानांतला फरक आणखी घटतो. शिवाय दोन्ही तारा सारख्याच खोलवर शिरलेल्या नसतील, तर एकच सूर दोन कानांत दोन जागी उमटतो. गर्दीत एक आवाज वेगळा काढणं कठीण जातं ते यामुळे. दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायला शिकणं, हेच या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं काम आहे असं मला वाटतं.

एका कानात इम्प्लांट आणि दुसऱ्यात थोडंफार ऐकू येतं? मग त्या कानात श्रवणयंत्र हवंच. खर्जाचे सूर ते पुरवतं, त्यामुळे गाणं आणि बोलण्यातला चढउतार जास्त उमगतो.

फक्त एकाच कानाने ऐकू न येणाऱ्यांसाठीही अमेरिकेने २०१९ मध्ये इम्प्लांटला मान्यता दिली. अशा कानातला छळणारा गुंजारवही त्याने कमी होऊ शकतो, हे बेल्जियममधल्या अँटवर्पच्या डॉक्टरांनी आधीच दाखवलं होतं.

मुलांच्या बाबतीत मात्र घड्याळ वेगाने धावतं. टोरांटोतल्या संशोधकांनी जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांच्या मेंदूतले तरंग मोजले. दीड वर्षाहून जास्त काळ एकाच कानाने ऐकलं, तर मेंदू त्याच कानाकडे झुकतो आणि नंतर आलेला दुसरा कान मागे पडतो, असं त्यांना दिसलं. इंग्लंडमध्ये २००९ पासून मुलांना दोन्ही इम्प्लांट एकाच वेळी देण्याची शिफारस आहे.

आपल्याकडे केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना एका कानाचं इम्प्लांट मोफत मिळतं. वांद्र्याची अली यावर जंग संस्था हे काम पाहते. तुमच्या ओळखीत असं मूल असेल, तर त्याच्या आईवडिलांना एवढं जरूर सांगा: पहिल्याच भेटीत ऑडिओलॉजिस्टला दुसऱ्या कानाबद्दल विचारा, आणि त्या कानातलं श्रवणयंत्र त्यांच्या सल्ल्याशिवाय काढून ठेवू नका.