नळाचं पाणी नितळ दिसतंय, पण प्यायला सुरक्षित आहे का? संशय आला तर काय कराल?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात 'गुलेन बॅरे सिंड्रोम' म्हणजेच जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत घरोघरी एकच प्रश्न होता, नळाचं पाणी प्यायचं की नाही? काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हा जिवाणू आढळला. दूषित पाण्यातून आणि अन्नातून तो पोटात जातो. पुढे रुग्णांची संख्या दोनशेपार गेली, काहींचा मृत्यूही झाला.

जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे पाणी नितळ आहे, वास येत नाही, एवढ्यावरून ते सुरक्षित ठरत नाही.

शुद्ध केलेलं पाणी दूषित कसं होतं?

बऱ्याचदा गडबड होते ती वाटेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक तासच येतं. पाणी सुरू असताना जलवाहिनीत दाब असतो, त्यामुळे गळती असेल तर पाणी बाहेर पडतं. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो आणि त्याच फटीतून बाजूचं सांडपाणी आत शिरू शकतं.

यावर पहारा असतो तो पाण्यात शिल्लक राहिलेल्या क्लोरीनचा. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. गावोगावी होणारी 'ओटी टेस्ट' हेच तपासते. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, रंग बदलला नाही तर नाही.

संशय कधी घ्यायचा?

पाणी गढूळ आलं, गटारासारखा वास आला, जवळ खोदकामात जलवाहिनी फुटली किंवा एकाच इमारतीत अनेकांना जुलाब सुरू झाले, तर वाट पाहू नका.

घरी काय कराल?

• पाणी आल्यावर सुरुवातीची धार पिण्यासाठी भरू नका.
• पाणी गाळून घ्या, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. नुसतं कोमट करून उपयोग नाही.
• त्याच भांड्यात झाकून गार करा. माठात ओतायचं असेल तर माठ आधी स्वच्छ धुऊन घ्या. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं वापरा, हात बुडवू नका.
• उकळणं शक्य नसेल तर पिण्याच्या पाण्यासाठीचं क्लोरीनचं द्रावण किंवा गोळ्या वापरा. प्रमाण बाटलीवर किंवा पाकिटावर पाहा, अर्धा तास थांबा.
• दात घासणं, बर्फ, बाळाचं दूध, कोशिंबिरीच्या भाज्या धुणं, यासाठीही हेच पाणी वापरा.

तुरटी, फडकं, प्युरिफायर पुरेसं आहे?

तुरटीने गाळ खाली बसतो, फडक्याने कचरा अडतो; जिवाणू मात्र उरतात. यूव्ही प्युरिफायर गढूळ पाण्यावर नीट काम करत नाही, कारण प्रकाश जिवाणूंपर्यंत पोहोचत नाही. सर्व्हिसिंग रखडलेल्या मशीनवर भरवसा ठेवू नका. शंका असेल तर पाणी उकळाच.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

जुलाब, उलट्या सुरू झाल्या तर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएस द्या. पाण्याचं माप पाकिटावरचंच ठेवा. शौचातून रक्त, तीव्र ताप, लघवी कमी होणं किंवा बाळ मलूल पडणं ही लक्षणं दिसली तर लगेच डॉक्टरांकडे जा. जुलाब थांबल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी हातापायांना मुंग्या आल्या, जिना चढताना पायांत ताकद वाटेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हे जीबीएसचं लक्षण असू शकतं.

तक्रार करताना काय सांगाल?

महापालिका किंवा ग्रामपंचायतीला पत्ता, तारीख, वेळ आणि फोटो द्या. शेजाऱ्यांनाही तक्रार करायला सांगा. कोणत्या गल्लीत कधीपासून घाण पाणी येतंय हे कळलं, की गळती शोधणं सोपं जातं. पाणी घरात उकळता येतं, पण फुटलेली जलवाहिनी त्यांनाच दुरुस्त करावी लागते.