ज्येष्ठांसाठी किनारा कोणता?

रस्त्याने गाठता येणारे उत्तन व गोराई आणि खाडीपलीकडील वसईची सुरुची बाग, हे मिरा-भाईंदरकरांचे जवळचे किनारे. घरातील वृद्धांना फिरावयास नेताना सूर्यास्त कोठे देखणा दिसतो यापेक्षा पायाखाली काय आहे, हे आधी पाहावे.

कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालताना टणक जमिनीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा खर्च होते. हृदयविकार असल्यास धाप लवकर लागते, झिजलेले गुडघे लवकर दुखतात. ओहोटीने मागे ठेवलेली ओली वाळू मात्र घट्ट असते. गोराईचा विस्तीर्ण वाळूचा किनारा त्या वेळी चालण्यास उत्तम. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालच्या वेळेवर विसंबू नये.

उत्तनला खडक बरेच. तोल जात असल्यास त्यांवर उतरू नये. रस्त्याच्या कडेने फिरत बांबूंवर वाळणारे बोंबील पाहावेत. (दमेकऱ्यांना तो वास सोसेलच असे नाही.) उन्हाने चक्कर येणाऱ्यांसाठी, विशेषतः लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांसाठी, माझी पसंती सुरूंच्या सावलीला. प्रवास लांबतो खरा. लोकलने जायचे तर गर्दीची वेळ टाळावी.

मधुमेहींनी कोणत्याही किनाऱ्यावर अनवाणी चालू नये. तळव्यांची संवेदना कमी झाली असल्यास शिंपला रुतलेला कळतही नाही. घरी परतल्यावर सोबत्याने दोन्ही पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांसह उजेडात तपासावेत आणि जखम दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.